उसनी मागितलेली बंदूक

प्रिय कोलेट,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिला प्रश्न येईल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू उभ्याउभ्या न वाचता खुर्चीत बसून वाचशील. सव्वाचार वर्षांत आपण एकमेकींना नाताळची कार्डं सोडून काही पाठवलेलं नाही आणि त्या कार्डांवरही छापलेल्या मजकुराखाली फक्त सही असते. तेव्हा एवढं जाड पाकीट बघून तू घाबरणारच. मीही घाबरलेलीच आहे. फोन का केला नाही म्हणशील. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि तुझे बाबा सध्या दिवसभर स्वयंपाकघरातच असतात. हे पत्र मी चर्चच्या तळघरात बसून लिहिते आहे. वेदीवरच्या कापडांना इस्त्री करायला जाते असं सांगून आले. खोटं नाही, इस्त्री तापत ठेवली आहे. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात मी नवऱ्याशी धडधडीत खोटं बोललेली नाही, या वयात शिकायला जड जातंय.

गुरं नोव्हेंबरात विकली हे तुला शेजारच्या ऑरिन टटलच्या मुलीकडून कळलंच असेल. आमच्याकडून कळायला हवं होतं. हिशेब अगदी सरळ होता. बाबांचा उजवा हात थरथरतो, डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. खिंडीपलीकडच्या त्या पोरसवदा डॉक्टरने गाडी चालवायचा परवानाही काढून घ्यायला लावला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, हाताने दोरी फेकता येत नाही, गाडी चालवता येत नाही, तो दीडशे गाईंचं काय करणार? ट्रक आले, गाई चढल्या, बाबा फाटकाशी उभे राहिले आणि शेवटचा ट्रक वळणाआड गेल्यावर म्हणाले, "चला, आता सकाळी उशिरा उठता येईल." मी हसले. मला वाटलं, मनाला लावून घेतलं नाही यांनी. पण आता मार्च आहे, कोलेट. या खोऱ्यात मार्चमध्ये कोणी झोपत नाही, वासरं येत असतात. यंदा माझ्या संसारात पहिल्यांदा आमच्या गोठ्यात एकही वासरू नाही. तरी बाबा पहाटे उठतात, बूट चढवतात, गोठ्यापर्यंत जातात, रिकाम्या गोठ्यात दिवा लावून उभे राहतात आणि परत येऊन टेबलाशी बसतात. मी विचारलं, "वेंडेल, काय बघायला गेला होतास?" तर म्हणाले, "सवय."

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कागद खर्ची घातला नसता. जानेवारीत त्यांनी खोगीर देऊन टाकलं. तेच, ज्याला तू लहानपणी नुसता हात लावलास तरी ते ओरडायचे. टटलच्या जावयाला दिलं, आणि देताना भाषण नाही, काही नाही, जणू शिळा पाव देतोय. मग हत्यारांच्या खोलीत प्रत्येक डब्यावर चिठ्ठ्या लावल्या, त्यांच्या त्या वाकड्या झालेल्या अक्षरात. मग मला विहिरीचा पंप बंद कसा करायचा आणि हवा कशी काढायची ते शिकवलं. तीनदा करून दाखवायला लावलं. मी म्हटलं, "तू असताना मला कशाला हवंय?" ते म्हणाले, "असलेलं बरं." गेल्या महिन्यात कुत्रं ऑरिनकडे पाठवलं. "त्याला गुरं हवीत, इथे कंटाळतो," म्हणाले. कुत्रं बारा वर्षांचं, त्याला चूल सोडून काही नको असतं. एकेक गोष्ट सुटी घेतली तर शहाणपणाची आहे. सगळ्या ओळीने मांडल्या की ती निरवानिरव दिसते. तू इस्पितळात अशाच माणसांशी बोलण्याचं काम करतेस, तेव्हा तुला ही यादी माझ्याआधी वाचता येत असेल.

आणि गेल्या तीन आठवड्यांपासून ते बंदुका साफ करतात. सात बंदुका आहेत, तुला ठाऊक आहे, तुझ्या आजोबांची धरून. वर्षातून एकदा, शिकारीचा हंगाम संपल्यावर, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, चिंध्या, नळी पुसायचा गज, तेलाची बाटली. घरभर तो वास. तुला आवडायचा. आता दर दोन दिवसांनी वर्तमानपत्र पसरलेलं असतं. स्वच्छ बंदूक पुन्हा स्वच्छ करतात. मी बटाटे सोलत समोर बसते. उठत नाही. अंगणात कपडे वाळत घालायचे असले तरी उठत नाही.

आता तू म्हणशील, "आई, मी हेच सांगत नव्हते का?" म्हण. पण आधी माझं ऐकून घे, कारण मी माफी मागायला लिहीत नाही. काउंटीच्या सभेत मी बारा मिनिटं बोलले, टाळ्या पडल्या, ठराव झाला की आपल्या काउंटीत तो बंदुका काढून घेण्याचा कायदा राबवला जाणार नाही. मी तेव्हा जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. एकतीस वर्षं मी या खोऱ्यातल्या पोरांना राज्यघटना शिकवली. सरकारने माणसाच्या दारात यायचं असेल तर त्या माणसाला आधी आपली बाजू मांडू द्यायची, हे मी फळ्यावर लिहीत आले. आणि तुमचा कायदा म्हणतो, आधी न्यायाधीशाने एका बाजूचं ऐकायचं, हुकूम काढायचा, बंदुका न्यायच्या आणि त्या माणसाला नंतर बोलवायचं. ज्याने कधी दुसऱ्याच्या कुंपणातलं गवतसुद्धा तोडलं नाही त्याच्या अंगणात शेरीफची गाडी उभी करायची, सगळ्या खोऱ्यादेखत. आधीच ज्याला वाटतंय की आपण कुचकामी झालो, त्याला सरकारी शिक्क्यानिशी तेच कळवायचं. हे चांगुलपणाने केलेलं असेल, कोलेट, पण राजधानीत बसून केलेलं आहे. तिथल्याच लोकांनी मतं देऊन आमच्या रानात लांडगे सोडले ना? त्यांच्या बाल्कनीत एकही सोडला नाही.

हे सगळं मी त्या थँक्सगिव्हिंगला तुला टर्की कापता कापता ऐकवलं होतं, याहून वाईट शब्दांत. तू विधिमंडळात त्या कायद्याच्या बाजूने साक्ष देऊन आली होतीस. वर्तमानपत्रात फोटो होता. तू म्हणालीस, "आई, तुझ्या टाळ्यांमुळे कोणाचा तरी जीव जाईल." मी म्हणाले, "ज्यांना स्वतःचे आईबाप वर्षातून दोनदा भेटायला जमत नाही त्यांनी दुसऱ्यांचे जीव वाचवण्याच्या गोष्टी करू नयेत." तू कोट घेतलास आणि गेलीस. बाबांनी ताटातला घास संपवला, तुझ्या ताटावर झाकण घातलं आणि मला म्हणाले, "ल्युसिल, तुझी जीभ बोर्डिंगातल्या नन्सनी घासून घासून चकचकीत केली, म्यान द्यायच्या मात्र विसरल्या." तेवढंच. त्यानंतर त्या विषयावर बोलले नाहीत. तुझ्या बाजूने नाही, माझ्याही नाही.

सभेत मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. टाळ्या खरं तर त्याला पडल्या. मी म्हणाले, असल्या कामाला आम्हाला न्यायाधीश लागत नाही, आमच्याकडे शेजारी आहेत. तू शहरात गेलीस तेव्हा लहान होतीस, तुला हे कोणी नीट सांगितलं नसेल. इथे एखाद्या माणसाची बायको गेली, किंवा मूल गेलं, किंवा तो नुसताच गप्प होत चालला, की शेजारी एकेक करून त्याच्याकडे जायचे आणि बंदूक उसनी मागायचे. एक म्हणायचा, माझ्या मेंढरांवर कोल्हे पडताहेत, तुझी रायफल दे जरा. दुसरा म्हणायचा, माझ्या शॉटगनचा घोडा अडकतोय, हंगामापुरती तुझी नेतो. आठवडाभरात कपाट रिकामं. का नेताय हे कोणी बोलायचं नाही, त्याने विचारायचं नाही. वसंत आला, माणूस पुन्हा बोलायला लागला, चर्चच्या पायऱ्यांवर हसला, की बंदुका तेल लावून, फडक्यात गुंडाळून परत. लॉइड प्रुइटचा मुलगा बर्फात गेला त्या हिवाळ्यात पहिली बंदूक मागायला तुझे बाबाच गेले होते. लॉइडने चार दिली आणि म्हणाला, "वेंडेल, तुझ्याकडचे कोल्हे फारच मोठे दिसताहेत." पुढे लॉइड अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन, पणतू मांडीवर खेळवून गेला. माझा ज्यावर विश्वास आहे ते हे आहे. एक माणूस जातो, टोपी काढतो, खोटं कारण सांगतो, समोरचा ते खरं मानतो. याला कलम नाही, उपकलम नाही.

तुझे बाबाच पहिले का गेले, ते आता तुला सांगायला हवं. आजोबा डेनिस बंदूक साफ करताना अपघाताने गेले असं तुला आम्ही सांगितलं. सगळ्यांनाच तसं सांगितलं. फादरांनी तसंच लिहून घेतलं म्हणून आजोबांना चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली. त्या वेळी जीव देणाऱ्याला ती मिळायची नाही. अपघात नव्हता. एकोणीसशे एकोणसत्तरचा मार्च होता, त्यांची कंबर कामातून गेली होती, वासरं ओढून काढायचं काम आता वेंडेलने करायचं असं ठरलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, चिंध्या होत्या, तेल होतं, सगळं नीट मांडलेलं होतं. आत गेले ते तुझे बाबा, वय एकोणीस. हे मला त्यांनी लग्नाच्या आदल्या आठवड्यात एकदा सांगितलं, त्यानंतर आजतागायत नाही. वास नेहमीसारखा तेलाचाच येत होता, एवढं एक वाक्य तेव्हा म्हणाले होते. आता ते वर्तमानपत्र पसरतात तेव्हा मला ते वाक्य ऐकू येतं. कोलेट, हे बोलणं बरं दिसतं की नाही ठाऊक नाही, पण मला वाटतं त्यांच्यानंतरही आपल्याला 'अपघात' म्हणता यावं अशीच त्यांची तयारी चाललेली आहे. माझ्यासाठी. मी चर्चला जाते म्हणून.

मी काय काय केलं ते ऐक. आधी मूर्खपणा. बंदुकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या पट्ट्याला असते. ते आंघोळीला गेले तेव्हा मी ती काढली आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसली. दुपारी बघते तर कपाट उघडं आणि बाबा टेबलाशी. दुसरी किल्ली होती, अर्थातच होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ल्यू, पिठात लोखंड घालू नकोस. तुझे पॅनकेक आधीच पचायला जड असतात." मला हसू आलं, खरंच आलं, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे हे. आणि तरी आम्ही दोघं हवामानाबद्दल बोलतो.

मग मी ऑरिनकडे गेले. ऑरिनला काही सांगावं लागलं नाही. फक्त "जरा येऊन जा" म्हणाले, त्याने टोपी उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कॉफी घेतली, घाटातल्या चिखलाला शिव्या दिल्या, मग कप फिरवत म्हणाला, "वेंडेल, तुझी ती मोठी रायफल देशील का काही दिवस? मेंढरांवर कोल्हे पडताहेत बघ. आणि शॉटगनही दे, असली तर. म्हणजे... असतील तेवढ्या." मी चुलीकडे तोंड करून उभी होते. बाबांनी आपला कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "ऑरिन, तुझ्याकडे मेंढरं नाहीत. नऊ वर्षं झाली विकून." ऑरिन म्हणाला, "शेजाऱ्याची." बाबा म्हणाले, "तुझा शेजारी मी आहे." ऑरिनचा चेहरा बीटासारखा झाला. पहिल्यांदा खोटं बोलणाऱ्या पोरासारखा. तेवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. लॉइडनेही मोठ्या कोल्ह्यांचं बोलून शेवटी बंदुका दिल्याच होत्या. पण बाबा पुढे म्हणाले, "आणि गड्या, आता तसं चालत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलीस तर बंदुकीच्या दुकानात जाऊन तुझी चौकशी करवून घ्यावी लागते, कागद करावे लागतात. मी तुला गुन्हेगार करणार नाही." ऑरिन म्हणाला, "कोण बघतंय, वेंडेल?" तर म्हणाले, "मी बघतोय." तुला ठाऊक आहेत ते. परवान्याशिवाय आयुष्यात एक हरीण मारलं नाही. दुकानात जाऊन करा कागद, असं मीही म्हटलं असतं, पण दुकानात गेलं की परत घेताना बाबांची चौकशी होणार, आणि "मी काय चोर आहे का" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. ऑरिन गेला. फाटकाशी मला म्हणाला, "त्याने मला ओळखलं, ल्युसिल. हे काम मी त्याच्याकडूनच शिकलो होतो."

तेव्हा बघ. मी ज्या रीतीच्या जोरावर बारा मिनिटं बोलले ती रीत माझ्या स्वयंपाकघरात एका कपभर कॉफीत बुडाली. अर्धी तुमच्या त्या दुसऱ्या, कागदांच्या कायद्याने बुडवली, त्याने शेजारधर्माला गुन्हा करून ठेवलं. तू ते मान्य करशील अशी माझी अपेक्षा आहे, कारण तू प्रामाणिक आहेस. उरलेली अर्धी आमचीच. मेंढरं नाहीत, शेजारी नाहीत, प्रुइटांची जमीन कोणा शहरी माणसाने सुट्टीसाठी घेतली आहे, वर्षातून एकदा दिवे लागतात. दर रविवारी चर्चमध्ये आम्ही अकरा डोकी असतो. अकरा माणसांत बंदूक उसनी मागायला येण्याइतका जवळचा आणि इतका सराईत खोटारडा उरलेलाच नाही.

मग मी शेरीफकडे गेले. ड्वेन काल्डवेल, तुझ्या पुढे दोन वर्षं होता, माझ्या वर्गात मागच्या बाकावर पाय पसरून बसायचा. मी नाव न घेता विचारलं, समज एखाद्या बाईने त्या कायद्याखाली अर्ज केला तर तू काय करशील? त्याने खुर्ची ओढली, दार लावलं. त्याच्या मागे भिंतीवर चौकटीत आमचा ठराव, आणि ठरावाखाली माझं भाषण, टाइप करून. तो म्हणाला, "मिसेस ब्रॉफी, न्यायाधीशाने हुकूम दिला तर मला जावं लागेल, भिंतीवर काहीही असो. पण तुम्हाला म्हणून सांगतो. दारात गाडी उभी राहिली की आतला माणूस काय करेल ते मला सांगता येत नाही. मी असा एकदा गेलोय." कुठे गेला होता ते मी विचारलं नाही. तो पुढे म्हणाला, "घरातलंच कोणी जाऊन नेऊ शकत नाही का? घरातल्याला कागद लागत नाहीत. लेकाला, लेकीला बाप बंदूक देऊ शकतो, ठेवायला किंवा कायमची. आजही चालतं ते." मी म्हटलं, आमची लेक दूर असते. तो म्हणाला, "चार तासांवर, बाई. चंद्रावर नाही." आजवर माझ्याशी असं बोलायची त्याची हिंमत झाली नव्हती. मी त्याला पाय नीट घेऊन बस म्हणाले आणि बाहेर पडले.

पण घरी आले नाही. कोर्टाच्या इमारतीत गेले आणि तो अर्ज मागून घेतला. खिडकीतल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिशपच्या घराला आग लावायला काडेपेटी मागितली. अर्ज भरलेला आहे. माझ्या प्रार्थनापुस्तकात घडी करून ठेवला आहे. "धोक्याची कारणे" या रकान्यात मी खोगीर, पंप, कुत्रं, वर्तमानपत्र असं लिहिलं. लिहिताना वाटत होतं, आपण नवऱ्याची चहाडी करतोय. आमच्या बोर्डिंगात सिस्टर अॅलॉयशिया चहाडी करणारीलाही तेवढाच वेळ गुडघ्यांवर बसवायची जेवढा चूक करणारीला. कायदा चुकीचा आहे असं मी आजही म्हणते, कोलेट. आणि तरी सोमवारी आठ वाजता कोर्ट उघडतं तेव्हा मी त्या खिडकीसमोर पहिली उभी असेन, जर त्याआधी दुसरं काही झालं नाही तर. सगळं खोरं माझ्यावर थुंकलं तरी चालेल. मला विधवा व्हायचं नाही. इतकं साधं कारण आहे, त्याला राज्यघटना लागत नाही.

परवा रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर बाबा कपाटासमोर उभे होते. म्हणाले, "यांचं काय करायचं, कळत नाही. खोगीर नेलं कोणीतरी. या मात्र कोणाला नकोत. कोलेट तर भंगारातही घेणार नाही." मी म्हणायला हवं होतं. इतकं समोर आणून ठेवलं होतं त्यांनी. वेंडेल, मला भीती वाटते की तू जीव देशील. एवढंच वाक्य. मी गव्हर्नरांना पत्रं लिहिली, शाळेच्या बोर्डाला रडवलं, बारा मिनिटं भर सभेत बोलले, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात माझ्या तोंडातून निघालं काय, तर "सूप गार होतंय."

म्हणून हे पत्र. शनिवारी ये. आधी फोन करू नकोस, ते उचलतील आणि "इकडे सगळं ठीक आहे, रस्ता खराब आहे, येऊ नकोस" म्हणतील. रस्ता खराब नाही. गाडीची मागची जागा रिकामी ठेव आणि दोन जाड ब्लँकेटं आण. तू घरात खेळण्यातलं पिस्तूलही ठेवत नाहीस, मला माहीत आहे, आणि मी तुला सात खऱ्या बंदुका न्यायला सांगते आहे. शहरात कुठे, कोणाच्या तिजोरीत ठेवायच्या ते तू बघ, त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. पण त्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगू नकोस. आठवण म्हणून हव्यात असंही म्हणू नकोस, ते ओळखतील. टेबलाशी बसायचं आणि सरळ म्हणायचं, बाबा, तुम्ही मराल याची मला भीती वाटते, त्या माझ्याजवळ द्या. आजोबांची ती एक गोष्ट सोडली तर ते तुझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत आणि तुला कधी नाही म्हणालेले नाहीत. माझ्याकडून ते वाक्य निघत नाही. मी नेहमी बरोबर असायचा इतका सराव केला की घाबरलेय हे सांगायचा राहून गेला. तू ते काम रोज परक्या माणसांसाठी करतेस. कायदा तुझा बरोबर की माझा, ते नंतर भांडू, आणि मी सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पण भांडू तेव्हा टेबलाच्या तिसऱ्या खुर्चीवर ते बसलेले हवेत, आपल्या दोघींच्या बडबडीला कंटाळलेले.

तुझीच, आणि तुझी वाट बघणारी,
आई